अक्कांनी सांगून टाकलं

फोन पुतण्याचा, संदीपचा होता. "काकी, आई गेली," एवढं म्हणून तो थांबला. मीही "निघते" म्हणाले आणि फोन ठेवला. आमच्या घरात सगळेच बेताचं बोलणारे. भरभरून बोलणारं माणूस एकच होतं, आणि त्याच माणसाची बातमी दोन शब्दांत आटोपली होती. आता महिना उलटून गेलाय. कार्य झालं, पाहुणे परत गेले. जरा लांबून बघता येतंय, म्हणून लिहायला बसले.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई, चंदगडकडच्या. लग्न होऊन मी कोल्हापुरात या घरात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "रडू येतंय का? मग रड की. मी पण लई रडलेली." मी रडले नाही. मला कुणासमोर रडता येत नाही. पुढं पन्हाळ्याच्या तालुका कचेरीत नोकरी केली, तिथं हा स्वभाव उपयोगीच पडला. अक्कांचं सगळं उघड्यावर. राग आला की भांडी आपटायच्या, हसू आलं तर शेजारच्या घरात ऐकू जायचं. नवऱ्याशी काय बिनसलं ते दारातल्या भाजीवालीलाही ठाऊक असायचं. माझे थोरले दीर, दादा, कागलच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. अक्का बोलायला लागल्या की ते पेपर उघडायचे. घरात काही महत्त्वाचं ठरवायचं असलं की अक्कांना आधी काहीतरी आणायला बाहेर पाठवलं जायचं. मला त्यात गैर वाटत नव्हतं. पोटात काही ठेवता न येणाऱ्या माणसावर भरवसा कसा ठेवायचा, असं माझं मत होतं.

संदीप कॉलेजात असताना त्याला पहिली फिट आली. औषध लागू पडलं, त्रास क्वचितच होऊ लागला. पुढं त्याला मशीनची ड्रॉइंग काढायच्या कामाची चांगली नोकरीही मिळाली. लग्नाचं बघायला लागलो, तेव्हा दादांनी सांगून टाकलं, "गोळी चालू हाय, पोरगं ठीक हाय. उगं कशाला बोभाटा? लग्न झाल्यावर बघू." आणि अक्कांकडं वळून म्हणाले, "तू तोंड उघडायचं न्हाय." अक्का म्हणाल्या, "बघते जमतंय का."

गडहिंग्लजचं एक स्थळ आलं. मुलगी सगळ्यांना आवडली, संदीपलाही. बोलणी जवळजवळ पक्की झाली. ती मंडळी आमच्याकडं आली होती, तेव्हा मुलीची आई हात धुवायला मागं गेली, तिच्यामागं अक्का टॉवेल घेऊन गेल्या. मी स्वयंपाकघरात कपात चहा ओतत होते. अक्कांचा आवाज ऐकू आला, "बाई, एक सांगायचं ऱ्हायलंय. माझ्या पोराला फिट येतीया. गोळ्या चालू हायत. तुमच्या पोरीला ठावं असाया पायजे." मग अक्का रडायला लागल्या, आणि त्या परक्या बाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला…

पुढच्या आठवड्यात नकार आला. दादांनी अक्कांशी बोलणं टाकलं. संदीप मात्र समोर येऊन उभा राहिला.

"आई, दुखणं माझं हाय. तू का वाटत सुटलीस?"

"मग त्या पोरीला कुणी सांगायचं?"

"मी."

"मग सांगितलं का न्हाईस?"

मला विचाराल, तर दोघांचंही खरं होतं. दुखणं त्याचं होतं, ते सांगायचा हक्क त्याचाच. आणि हक्क असून तो गप्प बसला होता, तोवर एक मुलगी आंधळेपणानं होकार देत होती.

आता नातेवाईक त्या गोष्टीला अक्कांचं धाडस म्हणतात. मला तसं वाटत नाही. मी एकदा त्यांना तोंडावर म्हणाले होते, "अक्का, तुम्हाला गप्प बसणंच जमत नाही." त्या म्हणाल्या, "न्हाय जमत, खरं हाय. पण ती बाई माझ्याकडं बघून हसली की. इतकं चांगलं हसली… मग कसं लपवू?" त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. अक्कांच्या मनातलं बाहेर येतं, एवढंच आम्ही पाहिलं होतं. समोरच्याचं तितक्याच सहज त्यांच्या आत जातं, हे लक्षात आलं नव्हतं. आम्ही वाईट माणसं नव्हतो. दादांनाही पोराची काळजीच होती. पण मन बंद ठेवायची सवय लागली की समोरची बाई नुसती मुलीकडची पार्टी होते.

पुढच्या स्थळाच्या वेळी संदीपनं पहिल्याच भेटीत मुलीला स्वतः सांगितलं. तिनं विचारलं, "फिट आल्यावर मी काय करायचं?" ती स्मिता. आज या घरची सून आहे.

गेल्या वर्षी अक्कांना पोटाचा कॅन्सर निघाला. दवाखान्याच्या व्हरांड्यात दादा म्हणाले, "तिला सांगू नका. सोसायचं न्हाय तिला." मलाही तेच बरं वाटलं. संदीप सरळ आत गेला, कॉटवर बसला, आईचा हात धरून त्यानं सगळं सांगितलं. अक्का दुपारभर मोठमोठ्यानं रडल्या. मग तोंड धुऊन म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. कुणी माझ्या तोंडाकडं बघंना, तवाच वळखलं हुतं." त्यानंतर त्यांनी एकेकाला बोलावून घेतलं. ज्यांच्याशी अबोला होता तो मिटवला, एका नणंदेशी मात्र नव्यानं भांडण केलं. शेवटच्या दिवसांत दुखत असलं की दुखतंय म्हणायच्या, भीती वाटली की कुणाचाही हात धरायच्या. दादा पायाशी बसून राहायचे, चादर सारखी करत.

आम्ही वेगळे राहायला लागून बरीच वर्षं झाली; परवा मी दादांकडं गेले होते. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी एक प्लास्टिकची खुर्ची आहे. गुडघे धरायला लागल्यापासून अक्का तिच्यावर बसून भाजी निवडायच्या आणि बोलत राहायच्या. दादा तिच्यावर बसले होते. स्मिता भाकरी थापत होती.

"गुडघा दुखतोय आज," दादा म्हणाले.

"व्हय? तेल लावून देते."

मग दादा भिंतीकडं बघत म्हणाले, "झोप लागंना. तिची सय येती."

स्मितानं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं, तव्यावरची भाकरी उलटली. मी दारातच उभी होते. परत फिरावं असं वाटलं, पण आत गेले आणि म्हणाले, "मलाही येते, दादा."

त्यांनी पाय जरा मागं घेतले. मी तिथंच खाली बसले.