पोटाखालची पिसं

आधी ती भुईला हात लावून पाहायची. अंगणात उकिडवी बसून पालथा हात मातीवर टेकायची आणि पिल्लांच्या टोपलीकडे बघत म्हणायची, "अजून नाई." टोपलीत कितीही चिवचिवाट माजला तरी, "अजून नाई."

अर्जुनी मोरगावच्या रस्त्यावर आमचं गाव. माझी पिठाची गिरणी तिच्या अंगणाला लागून, त्यामुळे हे रोजचंच. सगळं गाव तिला मामी म्हणे. कौतुक तिच्या तोंडून कधी निघालं नाही. शिव्या मात्र न मागता मिळत. अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील.

कोंबडीची पिल्लं ती कोरड्या, वारा नसलेल्या दिवशी, ऊन चढल्यावर थोडा वेळ सोडायची. गारठली तर ती मायच्या पंखाखाली घुसतात. बदकांचं वेगळं. आमच्याकडे बदकाची अंडी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली ठेवतात. पिल्लांना पाण्याची ओढ जन्मापासूनची, पण बदकीच्या अंगाचं तेल त्यांना लागलेलं नसतं. अंगावरची लव कापसासारखी पाणी पिते.

"मामी, बदकंच ती. पोहतील की," मी एकदा म्हटलं.

"पोयतीन ना. अन् मंग बाहेर कोन काढन? तू?" तिनं एक पिल्लू उलटं केलं. "इथं पाह्य. पोटाखाली पिसं येऊ दे. तोवर बोडी नाई."

बोडी म्हणजे घरामागचं लहान तळं, धानाला पाणी देणारं.

सून गोंदिया शहरातली. मुलगा कामासाठी बाहेरगावी, त्यामुळे घरात या दोघीच. "हिले वाटते अंडं फ्रीजमधून निघते," मामी मला ऐकवायची. सून भाकरी थापता थापता म्हणायची, "और तुमच्याकडे बदक कोंबडीतून निकलते. मंग पागल कोण?" मामी तोंड फिरवून हसायची. सुनेला ते दिसू द्यायची नाही.

यंदा पौषात मामीला न्यूमोनिया झाला. गोंदियाच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, गार वारा नको, ओलं व्हायचं नाही. मामी खाटेवर, पिल्लं सुनेकडे. खाटेवरून आवाज यायचा, "भुई पायली का वो?"

त्या दिवशी सकाळी आभाळ होतं, मग चांगलं ऊन पडलं. सुनेनं भुई पाहिली. गरम होती. तिनं कोंबडीला बदकाच्या पिल्लांसकट सोडलं. मागचं फाटक उघडं होतं, ते तिच्या ध्यानात आलं नाही. कोंबडी उकरत उकरत बोडीपर्यंत गेली आणि पिल्लं सरळ पाण्यात उतरली.

काठावरून कोंबडीनं जो कल्ला केला, तो मामीनं खाटेवर ओळखला. मी गिरणी बंद करून पळाले, तोवर ती कमरेइतक्या पाण्यात होती.

"मामी, निघ! मी काढते!"

"तुले पोयता येते का? चूप राय."

पदरात पिल्लं गोळा करूनच ती बाहेर आली. काही जगली, काही पदरातच गेली. ओल्या लुगड्यानं ती त्यांना पुसत बसली. दात वाजत होते.

"आई, भुई गरम होती. मी हात लावून पाहिलं," सून रडत म्हणाली.

"भुई गरम होती," मामी म्हणाली. "पानी नोतं."

शिवी दिली नाही. मी घाबरले ती तेव्हाच.

ताप चढला. पुन्हा गोंदिया. तिथून मामी शववाहिकेतून आली.

वाचलेली पिल्लं सुनेनं खोलीत दिव्याखाली वाढवली. उन्हाळा लागला. अंगणात पाय भाजू लागले, बदकं टोपलीत मावेनात, तरी ती भुईला हात लावायची आणि म्हणायची, "अजून नाई." लोक म्हणू लागले, हिचं डोकं फिरलं.

शेवटी मीच गेले. एक बदक धरून उलटं केलं. "पाह्य. आली पिसं."

तिनं बोटं पिसांत घातली. बराच वेळ काढली नाहीत. "आईंनी सोडलं असतं?"

"केव्हाच सोडलं असतं. अन् तुले शिव्या दिल्या असत्या."

तिनं टोपली उचलली. बदकं रांगेनं बोडीत शिरली. कोंबडी त्यांना केव्हाच विसरली होती, ती उकिरड्यावर उकरत राहिली. सून मात्र मामीचं एक कोरडं लुगडं मांडीवर घेऊन काठावर बसली.

दिवस कलला तेव्हा बदकं आपणहून बाहेर आली. पंख झटकले, झालं. लुगड्याची घडी मोडावी लागली नाही.