अंबूबाईची विहीर आणि आमची टाकी

अंबूबाईशी माझं कधी पटलं नाही. पटावं असं ती कधी वागलीही नाही. सातपूरच्या आमच्या रेझिनच्या कारखान्यामागे नाला, नाल्यापलीकडे तिचं झेंडू-मेथीचं रान आणि कडेला विहीर. आमचं फिनॉलचं पाणी नाल्यातून झिरपून ती विहीर नासू नये, एवढंच या विधवा बाईचं मागणं होतं. पण मागायची शिव्या घालून.

टाकीवरचा ऑपरेटर मी, म्हणून शिव्यांचा पहिला मान माझा. शहाण्णव साली प्रदूषण मंडळाची नोटीस आली तेव्हा कुठे मालकाला जाग आली आणि बंद झाकणाची टाकी उभी राहिली. तिच्यात हवेवाचून जगणारे जंतू असतात. ते विष खातात आणि त्याचा गॅस करतात. तो वर नळीच्या तोंडाशी जळत राहतो. मात्र विष त्यांना थोडं थोडं, सवय लावून द्यावं लागतं. एकदम ओतलं की सगळे मरतात.

टाकीत हे जंतू धरायला विरजण म्हणून शेण लागलं, ते अंबूबाईच्या गोठ्यातून आलं. तेव्हापासून ती फाटकाशी उभी राहून ओरडायची, "ए टाकीवाल्या, माझ्या टाकीला नीट खाऊ घाल! तुझ्या मालकाच्या पोटाला तर लय मिळतंय!"

अठ्ठ्याण्णवची खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात सगळी यंत्रं धुवून पुसून झेंडूनं सजवतात. रेझिन शिजवायच्या भांड्यांचं धुवण फार जहरी. दरवर्षी आम्ही ते पिंपांत साठवून नंतर टाकीला चमच्याचमच्यानं पाजत असू. त्या वर्षी मालक सकाळच्या मुहूर्तालाच येणार होते आणि प्रॉडक्शनच्या साहेबांना अंगणात काळी पिंपं दिसायला नको होती.

"सगळं टाकीत सोडा," ते म्हणाले.

"साहेब, जंतू मरतील. नाल्यात कच्चं पाणी जाईल."

"देवाच्या कामात खोडा घालू नका हो!"

व्हॉल्व्ह त्यांनी स्वतः उघडला. कपाळाला कुंकू लावून एवढं पाप मी तरी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही. दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत गॅसची ज्योत विझली होती. कारखाना मात्र थांबला नाही. पाणी टाकीत जसं यायचं तसंच नाल्यात पडू लागलं.

दिवाळीच्या आत अंबूबाई आली. या वेळी तोंडात शिवी नव्हती, त्याचीच मला धास्ती वाटली. तिनं सरळ ऑफिसात जाऊन साहेबांच्या टेबलावर विहिरीच्या पाण्याची घागर उपडी केली. खोलीभर फिनॉलचा वास सुटला.

"टँकर पाठवतो, बाई," साहेब पँट झटकत म्हणाले.

"टँकरनं रान भिजंल व्हय रे, मुडद्या?"

तरीही पुन्हा शेण दिलं ते तिनंच. पाटी माझ्या पायांवर आदळली आणि म्हणाली, "तुमच्यावर उपकार नाय. खालच्या लताबाईची विहीर तरी ऱ्हाऊ दे." या लताबाईशी बांधावरून तिचं उभं वैर होतं!

थंडीत जंतू धरेनात. होळीच्या सुमारास ज्योत पुन्हा पेटली. आनंदानं मी तिच्या रानात गेलो, तर ती विहिरीत दगड-मुरूम टाकत होती.

"मावशी, हे काय करता? टाकी लागली! पाणी निवळेल की."

"कधी?"

"वर्षं लागतील. पण निवळेल."

"परवा बारकू मेंढपाळ तहानंला म्हून प्याला. दवाखान्यात पडलाय. तू बसतो का इथं वर्षानुवर्षं, येणाऱ्याला सांगत?"

विहीर बुजवणं म्हणजे पाप, हे तिला सांगायला मी तोंड उघडलं. पण त्या बाईच्या सासऱ्यानं आणि नवऱ्यानं ती खणलेली होती. मला काय कळणार होतं त्यातलं?

"उभा काय ऱ्हायलास?" ती खेकसली. "धर पाटी."

मी पाटी उचलली आणि काठावरून ओतली. मुरूम खाली पाण्यात पडला, आणि आमच्या कारखान्याचा वास वर आला.