दादाचे डावे हातमोजे

दादा गेल्याची बातमी इस्माईलभाईंनी आणली. सकाळची वेळ होती. आमच्या कारखान्याच्या दवाखान्यात पट्ट्या बदलून घ्यायला आठ-दहा माणसं बाकावर बसलेली. इस्माईलभाईंचं कासारवाडीत सायकलदुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागंच दादाची भाड्याची खोली. टोपी हातात घेऊन ते दारात उभे राहिले तेव्हाच मला कळलं. "ताई, मास्तर गेले," एवढंच म्हणाले. दादाला सगळे मास्तरच म्हणत. माझ्या हातात एकाचं भाजलेलं बोट होतं. ते मी पुरतं बांधलं, हात धुतले आणि त्यांच्याबरोबर निघाले. बाई मोठी घट्ट मनाची, असं नंतर लोक म्हणाल्याचं कानावर आलं. तसं काही नव्हतं. जायच्या आठच दिवस आधी दादानं मला एक गोष्ट सांगितली होती, त्याचा राग मनात होता, आणि रागावलेल्या माणसाला चटकन रडू येत नाही. आज दीड महिना झाला. राग कमी झालेला नाही. तरीही लिहिते आहे, कारण दादाबद्दल चार चांगले शब्द लिहा असं क्लबच्या मंडळींनी मला सांगितलं, आणि ते लिहिताना दुसऱ्या एका माणसावरचा डाग पुसून निघणार असेल तर तेही याच कागदावर व्हावं असं मला वाटतं.

माझा हा थोरला भाऊ साताऱ्याकडून आला तो लष्करी छावणीत नोकरी धरायला. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये तो बिलियर्डचा मार्कर होता. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, चेंडू पुन्हा जागेवर ठेवणारा, आणि फाउल झाला की नाही ते सांगणारा माणूस. गोरे गेले, मेसमधलं सामान लिलावात निघालं, आणि ते टेबल आमच्या पिंपरीच्या कामगार क्लबानं घेतलं. टेबलामागोमाग दादाही आला. टेबलाखालच्या दगडी फरशा पाणसळ लावून सपाट करायला त्यानं तीन दिवस घेतले. वरची हिरवी बनात, म्हणजे लोकरी कापड, तो रोज एकाच दिशेनं ब्रशनं झाडायचा आणि आठवड्यातून एकदा तिला इस्त्री करायचा. स्वतःच्या सदऱ्याला मात्र कधी इस्त्री केली नाही. टेबलाच्या सहा खिशांच्या जाळ्या मी सुती दोऱ्याच्या विणून दिल्या होत्या. त्याचे पांढरे हातमोजेही मीच शिवत असे. चेंडूला उघडा हात लावायचा नाही, ही त्याची शिस्त. पण तो मोजा घालायचा फक्त उजव्या हातात. मी जोडी शिवायचे, तो उजवा घेऊन डावा मला परत द्यायचा. "हा राहू दे तुझ्याकडं," म्हणायचा. एकच का शिवत नाहीस, असं मला हे विचारायचे. हे म्हणजे माझे यजमान. एकच मोजा शिवणं मला कसंसंच वाटे, दुसरं कारण नव्हतं.

क्लबात खेळायला येणारी माणसं पाळी सुटली की थेट येत, नखांत ग्रीस घेऊन. दादा आधी सगळ्यांना मोरीकडं पिटाळायचा. "मास्तर, नवरदेवासारखे धुऊन आलो बघा," असं म्हणून लोक हात पुढं करत, आणि तो खरोखरच उलटसुलट करून तपासायचा. मेसमधल्या चालीरीती त्यानं इथं तशाच्या तशा लावल्या. नशिबानं चेंडू खिशात गेला तर समोरच्याची माफी मागायची. एकाची पाळी चालू असताना दुसऱ्यानं भिंतीकडच्या वेताच्या खुर्चीत बसून राहायचं; खेळणाऱ्याची पाळी संपेपर्यंत उठायचं नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, आपल्या हातून फाउल झाला, अगदी सदऱ्याची बाही चेंडूला लागली असली तरी, तो आपण होऊन सांगायचा, मास्तरांनी सांगायची वाट बघायची नाही. न सांगता खेळत राहणारा चोर, असं तो तोंडावर म्हणायचा. इस्माईलभाई क्यूंच्या, म्हणजे खेळायच्या काठ्यांच्या, टोकांना चामडं बसवून द्यायला यायचे. ते म्हणायचे, "आमच्या मोहल्ल्यात चोरी झाली तर मास्तरला बोलवा, चोर खुद्द येऊन कबूल करेल."

आता तो डाग ज्यात लागला, त्या तीन वर्षांपूर्वीच्या सामन्याकडं येते. टेबलाबरोबर मेसमधले जुने हस्तिदंती चेंडू आले होते, एक लाल आणि दोन पांढरे. दोन पांढऱ्यांपैकी एकावर बारीक काळा ठिपका असतो. कुणाचा चेंडू कोणता, ते त्यावरून ओळखायचं. आमच्या जोडीतला ठिपक्याचा चेंडू पार पिवळा पडला होता. क्लबानं नवे, कारखान्यात बनवलेले चेंडू मागवले. दोन्ही पांढरेशुभ्र. दादानं केवढा विरोध केला. हस्तिदंताचा आवाज वेगळा, त्याचं वजन वेगळं, नव्यावर हात बसायला वर्ष जाईल, काय काय म्हणाला. म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून सगळे हसले, मीही हसले. वार्षिक स्पर्धेचा शेवटचा सामना नव्या चेंडूंनी झाला. एका बाजूला हे, यंत्रशाळेतले फिटर; दुसऱ्या बाजूला सबनीस साहेब, तिथलेच वरचे अधिकारी. बायकांना खोलीत जायची चाल नाही, म्हणून आम्ही चारपाचजणी व्हरांड्यातल्या खिडकीशी उभ्या होतो. ह्यांचा हात त्या दिवशी असा काही लागला होता की खिडकीशी आम्हीसुद्धा बोलायच्या थांबलो. जिंकायला थोडेच गुण उरले होते. हे टेबलाच्या पलीकडच्या टोकाला वाकले, फटका मारला... सबनीस साहेब खुर्चीतून उठले. आणि दादा म्हणाला, "फाउल. बाही लागली."

हे क्यू घेऊन तसेच उभे राहिले. "नाही लागली, दादा," एवढंच म्हणाले. दादानं पुन्हा म्हटलं, "लागली." मास्तरांच्या शब्दापुढं बोलायचं नाही, ही रीत ह्यांनीही पाळली. सामना गेला, त्याचं मला फारसं काही नव्हतं. पण फाउल करून गप्प राहिलेला माणूस, हे नाव चिकटलं. दुसऱ्या दिवशी यंत्रशाळेत कुणीतरी म्हणालं, "राव, बाह्या दुमडून येत चला." महिनाभर तेच चाललं. ह्यांनी क्लब सोडला.

घरी मी काय केलं? नवऱ्याची बाजू घेतली नाही. दादा खोटं बोलणार नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्यानं सांगितलं म्हणजे बाही लागलीच. तुम्हाला कळलं नसेल, किंवा कळूनही तोंडातून निघालं नसेल, होतं माणसाचं, कबूल करा आणि मोकळे व्हा, असं मी सरळ सांगितलं. एकदा नाही, अनेकदा. तीन वर्षांत पुन्हा पुन्हा. ह्यांचा क्यू कोपऱ्यात पडून होता. चांगली सरळ काठी आहे म्हणून उंच दोरीवर ओले कपडे चढवायला मी तो वापरायला लागले. हे नुसते बघायचे. आणि दर रविवारी दादा आमच्याकडं जेवायला यायचा, ह्यांच्या शेजारच्या पाटावर बसायचा, मी दोघांना वाढायचे.

सामन्यानंतर थोड्याच महिन्यांत, गुडघे दुखतात म्हणून दादानं क्लबाची नोकरी सोडली. पुढच्या वर्षी त्याला मोतीबिंदू असल्याचं माझ्या लक्षात आलं. कधीपासून, विचारलं, तर म्हणाला, या उन्हाळ्यापासून. मीच त्याला पुण्याला नेऊन शस्त्रक्रिया करून आणलं. मग जाड भिंगांचा चष्मा लागला. यंदा छातीचं दुखणं बळावलं, तेव्हा मी कामावरून सुटले की कासारवाडीला जाऊन त्याला पेज देऊन यायचे. त्या शेवटच्या भेटीत पेज अर्धी टाकून तो म्हणाला,

"बाही लागल्याचं मला दिसलं नव्हतं गं. साहेब उठले, म्हणून मी फाउल म्हटलं."

मला आधी कळेचना. मग त्यानं तुटक तुटक सांगितलं. सामन्याच्या आधी दोन वर्षांपासून त्याला टेबलाचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. पिवळा चेंडू आणि पांढरा चेंडू एवढा फरक कळे, म्हणून तो जुन्यांना धरून बसला होता. बाकीचं काम कानांवर आणि त्या वेताच्या खुर्चीवर. समोरचा उठला की पाळी संपली. का संपली, ते तो आवाजावरून ताडायचा. त्या दिवशी चेंडूचा आवाज नीट आला होता. तरी खुर्ची वाजली. मग काहीतरी लागलं असणार, आणि लागण्यासारखी बाहीच, असं त्यानं ठरवलं. साहेबांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, हे त्याला दुसऱ्या दिवशी खुद्द साहेबांकडूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी.

"मग तेव्हा का नाही बोललास?" मी विचारलं.

"नोकरी गेली असती."

"नोकरी तू स्वतःच सोडलीस. डोळे मी नीट करून आणले. त्यानंतर?"

त्यानं पेजेचं भांडं बाजूला सारलं. मग म्हणाला, "तू इतकं ठामपणे माझ्या बाजूनं बोलत होतीस... मग माझ्याच्यानं बोलवेना."

मी भांडं उचललं आणि घरी आले. त्यानंतर कासारवाडीला इस्माईलभाईंच्या मुलीच्या हाती डबा पाठवला, स्वतः गेले नाही. माझं भावाशी शेवटचं बोलणं ते एवढं.

तेरावं झाल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. माफी मागायची होती. हे म्हणाले, "माहीत होतं मला. नवे चेंडू आले त्या आठवड्यात सरावाला दादांनी तीनदा माझ्या हाती चुकीचा चेंडू दिला. मी गुपचूप बदलून घेतला."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्याच दिवशी क्लबाच्या सेक्रेटरींकडं गेली असतीस."

गेले असते. आधी दादाला दवाखान्यात बसवून डोळे तपासले असते, आणि मग गेले असते. रोज लोकांच्या डोळ्यांतले लोखंडाचे कण काढणारी बाई मी. सख्ख्या भावाला दिसत नाही, हे माझ्यापासून दोघांनी मिळून लपवलं. एकानं आपली नोकरी सांभाळली, दुसऱ्यानं त्याची अब्रू सांभाळली, आणि तीन वर्षं मी मधे बसून सरळ माणसाला वाकडं म्हणत राहिले. दादा माझ्यावर माया करायचा, यात मला शंका नाही. पण त्या मायेनं त्याला एक वाक्य बोलायला लावलं नाही. ह्यांची बाही त्या दिवशी लागली नव्हती. ज्यांनी ज्यांनी ते बोलून दाखवलं होतं, त्यांनी हे वाचावं.

क्यू मी धुऊन पुसून इस्माईलभाईंकडं दिला, त्यांनी नवं चामडं बसवलं. कपड्यांसाठी बांबू आणला. हे अजून क्लबात गेलेले नाहीत, पण परवा क्यू हातात घेऊन माझ्या शिवणाच्या टेबलावर डावा पंजा टेकवून बघत होते. घामानं क्यू बोटांत अडकतो, म्हणाले, आणि मग, "ते दादांचे डावे मोजे आहेत ना तुझ्याकडं?"

आहेत. बिस्किटांच्या डब्यात अकरा आहेत, कोरे, घडी न मोडलेले. दादाच्या खोलीतून आलेला उजवा एक आहे, अंगठ्याला क्यूच्या टोकाला घासायच्या निळ्या खडूचा डाग असलेला. दोनदा साबण लावला, तो जात नाही. मी डबा उघडला, बघितलं आणि झाकण लावलं. "तुम्हाला नवा शिवून देते," म्हटलं, "हात पुढं करा, माप घेऊ द्या."