झाकणाच्या आतला देव

त्या दिवशी अप्पा, माझे वडील, पाणीसंस्थेची मोटार काढायला विहिरीवर गेले. दुपारी ते काठावर बसले आणि उठले नाहीत. संध्याकाळी लोकांनी त्यांना घरी आणलं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि आईनं जेवण सोडलं. आधी मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. पण ती पाणीसुद्धा माझ्या आग्रहापुरतं ओठांना लावायची. डोळे मिटून पडून राहायची. वडील गेले होतेच, आता आईही चालली आहे हे मला दिसत होतं, आणि का चालली आहे ते ती सांगत नव्हती.

अप्पा आमच्या भागातले नव्हते. तमिळनाडूत सेलमकडचं एक खेडं त्यांचं. एका दुष्काळात बोरवेलच्या गाडीवर कामगार म्हणून ते वडवणीच्या बाजूला आले. गाडी पुढच्या गावाला गेली, अप्पा इथंच राहिले. माझे मामा म्हणायचे, "गाडीवाले एक पाना इसरून गेले, आमच्या बहिणीनं उचलून घरात ठिवला." हा विनोद अप्पांना इतका आवडायचा की घरी नवीन माणूस आला की ते स्वतःच मामांना तो सांगायला लावायचे.

गावानं उपसा सिंचनाची सहकारी संस्था काढली, तेव्हा मोटारी सांभाळायचं काम अप्पांकडे आलं. पुढे पुन्हा दुष्काळ पडला. ऊस जागेवर वाळला, संस्थेच्या सभेला माणसं येईनात, निम्मं गाव बाहेर गेलं. अप्पा मात्र रोज विहिरीवर जायचे. पाणी खाली गेलं की तेही खाली उतरायचे, मोटार खाली सरकवायचे आणि गावाच्या टाकीत धार पडल्याशिवाय घरी यायचे नाहीत. जड काही उचलताना ते "मुरुगा!" म्हणायचे. तो त्यांचा देव. गावाला मात्र ते 'मुर्गा' असं ऐकू आलं.

"काय अण्णा, आज कोंबडा कुनीकडं पळाला?" पोरं विचारायची. गाव त्यांना अण्णा म्हणायचं.

"पळतो कुठं? माझ्या देवाच्या झेंड्यावर बसलाय," अप्पा खालून ओरडायचे. आणि ते खरंच होतं, त्या देवाच्या झेंड्यावर कोंबडाच असतो.

होता होता सगळेच पाइप उचलताना "मुरुगा" म्हणू लागले, गळ्यात तुळशीची माळ असलेलेसुद्धा. परमुलखातून आलेला एक माणूस नुसत्या कष्टानं एवढ्या लोकांच्या तोंडी आपला देव ठेवून गेला. मी शाळेत शिकवते, चार पुस्तकं वाचते, पण इतकी मोठी गोष्ट माझ्याच्यानं झालेली नाही.

हा मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी. आपल्याकडे बाईमाणसानं त्याचं दर्शन घ्यायचं नसतं. घेतलं तर वैधव्य येतं, असं मानतात. आई याच समजुतीत वाढली होती. अप्पांच्या गावाकडे उलट. तिथं बाया याच देवाला फुलं वाहतात, त्याच्यासमोर लग्नं लागतात. लग्नानंतर अप्पांनी आईला हे एकदा सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरची भीती पाहिली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. देवाची तसबीर त्यांनी हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली. पेटी उघडली की नमस्कार करायचे, झाकण लावायचे. मी एकदा विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटत? म्हणाले, "झाकला म्हणून देव रुसत नाही गं. तुझी आई रुसंल." माझ्यासाठीही तो देव झाकलेलाच राहिला.

आईला बीडच्या एका दवाखान्यात दाखल करावं लागलं. सलाइन चढत असताना ती पहिल्यांदा बोलली. अप्पा गेले त्या दिवशी सकाळी त्यांच्या पिशवीत भाकरी ठेवायला ती गेली, तर पेटी उघडी होती. "मी बघितलं गं. बघितलं अन् हात आपसूक जोडले. अन् सांजच्याला त्यांना तसं आणलं. मीच त्यांना खाल्लं."

मी समजावलं. वाचलेलं सगळं सांगितलं, तमिळ बाया, त्यांची देवळं, त्यांची व्रतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या पुस्तकात असंल. पुस्तकाचा नवरा मेलाय का?"

मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. ज्या देवाकडे मी कधी पाहिलं नव्हतं त्याला मनात म्हटलं, मी तुला बघितलेलं नाही. आता तूच बघ.

परत येऊन स्टुलावर बसते तोच शेजारच्या खाटेशी एक म्हातारी डबा घेऊन आली. गुडघ्यावर हात ठेवून खाली बसताना तिच्या तोंडून निघालं, "मुरुगा..."

आईनं डोळे उघडले. तिच्याकडे बघत राहिली. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात तमिळ बायांच्या मंगळसूत्राचा पिवळा दोरा. खाटेवर पाय बांधलेला तिचा नवरा. बसस्टँडकडे दोघं इडलीचा गाडा लावत होते, हे नंतर कळलं.

"तुमी त्याचं नाव कावून घेता?" आई म्हणाली. "सवाशीन हाय तुमी."

म्हातारीला कळेना. मी आपल्याकडची समजूत सांगितली. ती इतकी मोठ्यानं हसली की सिस्टर दारातून डोकावल्या.

"त्याला बघून नवरा जातो? मी तर रोज बघते! ह्यो बघ, गेला का? सकाळधरनं भांडतोय, चटनीत मीठ न्हाई म्हनून."

"न्हाईच हाय," खाटेवरून म्हातारा म्हणाला.

"मुरुगनला सोताला दोन बायका हाय. बाईनं बघितलं म्हनून रुसला तर घरात कसा राहील तो?"

आईच्या तोंडून हुंदका आला की हसू, मला सांगता येणार नाही. मग तिनं त्या सकाळचं सगळं सांगितलं. म्हातारी हसायची थांबली. सलाइन नसलेला हात तिनं आपल्या हातात घेतला.

"तुझा मानूस घर सोडून इतक्या लांब राहिला. जायच्या दिवशी तू त्याच्या देवाला हात जोडले. मंग तो एकटा कुठं गेला, बाई?"

आई खूप वेळ रडली. म्हातारीनं डब्यातली इडली कुस्करून तिच्यापुढे धरली. आई जेवली. चटणीत मीठ खरंच नव्हतं.

मी कशाला चमत्कार म्हणत नाही. बीडमध्ये इडलीचे गाडे पुष्कळ आहेत आणि माणसं पाय मोडून दाखल होतच असतात. आई बरी झाल्यावर मी त्या बाईला शोधत बसस्टँडवर गेले. गाडा सापडला, ती होती, पण तिला मी आठवेना. दवाखाना आठवला, आई आठवेना. "कोन? आसंल बाबा," म्हणत तिनं प्लेट भरून दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिथं उभ्या उभ्या मला वाटलं, कृपा अशीच येत असावी. जिच्या हातून येते तिलाही पत्ता नसतो. मी बोलून थकले, माझं बळ सरलं, तेव्हा कुठं कृपेला वाट मिळाली. अप्पा हे वाद न घालता जाणत होते. त्यांनी काम केलं, आम्हाला सांभाळलं आणि बाकीचं आपल्या देवावर सोडलं. अशा माणसाच्या पोटी मी जन्मले याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

आता घरात आम्ही दोघीच आहोत. आई दोन्ही वेळा जेवते.