चाळणीतली अंगठी

आमचे दाजी जुन्या खुर्च्या नव्याने भरून देतात. बावीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसून खोळी शिवतोय, तेव्हा त्यांच्याबद्दल चार शब्द वाकडे बोलायचा मला हक्क आहे.

खुर्ची आली की दाजी आधी कापड उसवतात, मग तिला चादरीवर उलटी करून बडवतात. आतून नाणी पडतात, पिना, बटणं, एकदा तर कवळीसुद्धा पडली होती. आमच्या धंद्यात खुर्चीच्या पोटातलं ते कारागिराचं. गिऱ्हाईकही सहसा मागायला येत नाही. दाजी मात्र त्यातला छदाम घरी नेत नसत. सगळं चाळणीतून चाळायचं, धूळ खाली, उरेल ते थेट डब्यात, आणि रविवारी चर्चच्या दारातल्या अर्पणपेटीत डबा रिकामा. तोही मान वळवून. प्रभूला गुपचूप दिलेलं आवडतं, इतकं गुपचूप की आपल्यालाही कळू नये, असं त्यांचं म्हणणं.

"अहो दाजी, बटणंही जातात त्यात," मी म्हणायचो.

"जाऊ देत. लागतील त्याला कधीतरी."

त्या न बघण्याचा मला राग यायचा. त्यात एक ताठा होता आणि तो त्यांना दिसत नव्हता.

एका रविवारी पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले आणि म्हणाले, मागच्या आठवड्यात पेटीत सोन्याची अंगठी निघाली. नाव नाही, चिठ्ठी नाही. "आपल्यातल्या कुणीतरी जिवाजवळचं देऊन टाकलं, आणि आपण गळक्या छपराखाली हात आखडून बसलोय." मंडळी गहिवरली. दाजी तर रुमालाने डोळे पुसत होते. माझी ताई उठली, पुढे गेली आणि कानातली काढून तिने ताटात ठेवली. सोनं म्हणून तिच्याकडे तेवढंच होतं. मग आणखी दोघी उठल्या. सगळं सोनं सोमवारी चार वाजता सोनाराकडे विकायला जाईल, असं खजिनदारांनी जाहीर केलं.

सोमवारी सव्वातीनच्या सुमारास दुकानात मास्तरीणबाई आल्या. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या नवऱ्याची खुर्ची आम्ही भरून दिली होती. नवरा उन्हाळ्यातच गेला.

"ह्यांची अंगठी मिळाली का हो खुर्चीत? शेवटी शेवटी बोटं बारीक झाली होती, निसटायची. सगळं घर पालथं घातलं मी."

"नाही बाई. मी पाहिली नाही," दाजी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. त्यांनी खरंच पाहिली नव्हती. बाई "बरं" म्हणून कठड्याला धरत पायऱ्या उतरू लागल्या. माझी नजर डब्याकडे गेली, दाजींचीही गेली, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

मी खालच्या आवाजात म्हणालो, "गप्प बसा. मी पळत जातो, खजिनदारांच्या कानावर घालतो, अंगठी आणतो. कोपऱ्यात सापडली म्हणून देऊ बाईंना. कुणाला कळायचं नाही."

"कुणाला कळू नये, कळू नये करतच हे झालंय," दाजी म्हणाले आणि अनवाणीच खाली धावले. "बाई, थांबा. तुमची अंगठी मी देवाला दिली."

बाईंना आधी उमगेचना. मग त्या म्हणाल्या, "माझी? मला न विचारता?"

दाजी त्यांना घेऊन तसेच चर्चकडे निघाले. साडेतीन वाजले होते. बाईंचे गुडघे दुखायचे, त्यांना सोडून दाजी पुढे जाईनात, म्हणून मीच धावत सुटलो. चर्चच्या फाटकाशी खजिनदार सोन्याची पिशवी बगलेत मारून निघालेच होते. मी त्यांची बाही धरली. धाप लागून मला बोलता येईना आणि ते बाही सोडवायला बघत होते.

"सोनार वाट बघतोय. सोड रे."

मी सोडली नाही. दहा मिनिटांनी दाजी बाईंना घेऊन आले. पाळकसाहेबही बाहेर आले, आणि त्यांच्यासमोर दाजींनी चाळणीपासून सगळं सांगितलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. त्यांचा अख्खा उपदेश त्या अंगठीवर उभा होता.

"मंडळीला सांगावं लागेल," ते म्हणाले.

"मीच सांगतो. रविवारी, उभा राहून."

आत चर्चमध्ये टेबलावर पिशवी रिकामी झाली. बाईंनी अंगठी उचलली, अंगठ्यात घातली आणि दाजींकडे न बघता निघून गेल्या. मला ते फार लागलं. पाळकसाहेबांनी ताईची कानातली दाजींपुढे सरकवली. "अंगठीचं ऐकून दिली होती त्यांनी. परत घेऊन जा."

घरी ताईने सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. दाजींनी मूठ उघडली. कानातल्यांवरून तिने बोट फिरवलं. मला वाटलं, घेईल.

"ही माझी होती. काढताना माझ्या पोटात तुटलं, तरी दिली," ती म्हणाली. "तुम्ही इतकी वर्षं देताय. तुमचं कधी काही गेलं का हो?" मग तिने त्यांची मूठ मिटली. "उद्या नेऊन द्या."

रविवारी दाजींनी मंडळीसमोर सगळं कबूल केलं. उपासना सुटल्यावर ते पेटीपाशी आले. हातात डबा नव्हता. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, उघडलं आणि आतल्या नोटांकडे बघत उभे राहिले. मागे रांग खोळंबली, कुणीतरी खाकरलं. दाजी अजून बघतच होते.