ते आचारी माझे साडू होते

माझ्या साडूंसारखा कोंबडीचा रस्सा अख्ख्या सांगली जिल्ह्यात कुणी केला नाही, आणि एवढं साधं वाक्य चारचौघांत बोलायचं मी बावीस वर्षं टाळलं. आता लिहूनच टाकतो. माझ्या व्याह्यांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे.

साडू कुंडलचे, तोफखान्यातले निवृत्त हवालदार. "फौजेत सैपाकी हुता का?" असं कुणी विचारलं की त्यांची मिशी थरथरायची. "तोफा डागल्यात गड्या, भाकरी न्हाई भाजल्या!" पण घरात गावरान कोंबडी आली, की बायकांना स्वयंपाकातून रजा. परड्यात तीन दगडांची चूल, गुडघ्यापर्यंत खोचलेली लुंगी, डोक्याला पंचा आणि मनगटावर घड्याळ. कांदा-खोबरं निखाऱ्यावर भाजायचं आणि पाट्यावरच वाटायचं. मिक्सरला ते 'फटफटी' म्हणत. पातेल्यावर झाकण म्हणून पाण्याने भरलेलं ताट ठेवत आणि ते पाणी तापलं की तेच आत ओतत. एकदा माझ्या बायकोने नळाचं पाणी घातलं, तर तासभर तिच्याशी बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "कोंबडीला गारठा बसला की ती चवच सोडून देती." मसाला पडायच्या आधीचं अळणी पाणी वाट्या भरभरून वाटायचे. पडसं झालेला शेजारी, नापास झालेली भाची, नवऱ्याशी भांडून आलेली पुतणी, सगळ्यांना औषध एकच. आणि ते लागूही पडायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या मुलीचं जमत होतं, तेव्हा साताऱ्याची मंडळी सांगलीला विश्रामबागेत आमच्याकडे जेवायला यायची होती. साडू सकाळच्या पहिल्या एसटीने दोन कोंबड्या आणि घरची कांदा-लसूण चटणी घेऊन हजर. "पाव्हणं, तुमी फकस्त सोफ्यावर बसा. पोरीचं लगीन आज पातेल्यातच ठरवतो."

आणि ठरलंही तसंच. मुलाच्या वडिलांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि विचारलं, "रस्सा कुणी केलाय हो?" मागच्या दारात साडू उभे होते. डोळे धुराने लाल, लुंगी वर, कपाळाला राख. पाहुणे मोठ्या हुद्द्यावरचे. माझी जीभ घसरली, "आचारी बोलावलाय."

साडूंनी ऐकलं. मग पातेलं घेऊन आत आले आणि मला म्हणाले, "मालक, पाव्हण्यास्नी अजून वाढू का?"

"काय हात आहे तुमचा! कुठं शिकलात?" पाहुण्यांनी विचारलं.

"फौजेत हुतो, साहेब."

"सैपाकी?"

साडूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "व्हय," म्हणाले.

लग्नाला मेव्हणी एकटीच आली. साडूंचा निरोप होता, उसाला पाणी द्यायची पाळी आहे. खरं कारण मला ठाऊक होतं. मांडवात कुणी ओळखलं असतं तर माझी लबाडी उघडी पडली असती, म्हणून ज्या भाचीला त्यांनी खांद्यावर खेळवलं, तिच्यावर अक्षता टाकायला ते आले नाहीत. व्याही अजून विचारतात, "तुमचा तो आचारी कुठं असतो?" मी म्हणत आलो, गाव सोडून गेला.

तर व्याहीबुवा, तो गाव सोडून गेला नव्हता. कुंडलमध्येच होता, तोफखान्यात हवालदार होता, आणि माझा सख्खा साडू होता. तुमच्या घरची सून त्याच्या रस्स्यावर वाढली आहे.

माफी मागायला मी कितीदा तरी कुंडलला गेलो. "पाव्हणं, त्या दिवशी..." एवढं बोललो, की ते मध्येच विचारायचे, "लेकीचं बरं चाललंय न्हवं?" मी हो म्हणायचो. "मग झालं की!" आणि हसून उठायचे.

गेल्या माघात ते गेले. "चुकलं माझं, पाव्हणं," एवढेच शब्द मला त्यांना म्हणायचे होते. जाताना एसटीत मी ते घोकत जायचो, आणि परतताना ते माझ्याकडेच असायचे.