आपणहून जायचं नाही!

दिल्लीत पेन्शन सेक्शनमध्ये नोकरी केली की किस्से जमवावे लागत नाहीत. माणूस रिटायर होऊन घरी जातो, किस्सा मात्र आमच्या टेबलावर राहतो!

आमचे सेक्शन ऑफिसर शेखसाहेब, मूळचे सोलापूरचे. कुणी मुदतीआधी निवृत्ती मागायला आलं, की अर्ज बाजूला सारून आधी चहा मागवायचे. चहा संपेपर्यंत निम्मे लोक अर्ज परत घेऊन जायचे.

*

एकदा खन्नाजी आले. "डॉक्टर ने आराम बोला है. नौकरी छोड़ रहा हूँ."

"आराम के लिए नौकरी क्यों छोड़ते हो?" शेखसाहेब म्हणाले, "हमारे सेक्शन में ट्रान्सफर ले लो!"

*

दुसरे एक गृहस्थ गुडघ्यांपायी अपंगत्वाची पेन्शन मागायला आले. म्हणजे मेडिकल बोर्डानं त्यांना कायमचं अनफिट ठरवायला हवं. लिफ्ट बंद होती. मी धापा टाकत चौथ्या मजल्यावर पोचलो, तर हे आधीच हजर!

शेखसाहेब शांतपणे म्हणाले, "बोर्ड के सामने लिफ्ट से जाना!"

*

वसुधा काळे आली, तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही. आमची स्टेनो. आजारपणात तिची दृष्टी गेली. घरी आई आणि लहान मुलगी, कमावती ती एकटी. डायरेक्टर म्हणाले होते, "बेटा, व्हीआरएस ले लो." ती स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करूनच आली होती.

त्या दिवशी चहा आलाच नाही. शेखसाहेब म्हणाले, "वसुधाताई, नोकरीत असताना दृष्टी गेली म्हणून सरकार तुम्हाला काढू शकत नाही. काम बदलेल, पगार तोच राहील. पण आपणहून गेलात, तर कायदा तुमच्यामागे धावत येणार नाही!"

"मला दयेचा पगार नको, साहेब."

"मग काम करा ना! बोटं शाबूत आहेत."

तिनं अर्ज फाडला. डायरेक्टर तोंड वाकडं करून म्हणाले, "कुछ दिन देखते हैं." मला शेखसाहेब आणि वसुधा, दोघांचाही फार अभिमान वाटला, वसुधाचा जरा जास्तच.

*

जानेवारीतली धुक्याची संध्याकाळ. शेखसाहेब कॅसेटवर डिक्टेशन भरून ठेवायचे, वसुधा सेलवरच्या टेपला इअरफोन लावून थेट टाइपरायटरवर उतरवायची. अचानक लाइट गेली. सगळ्या मजल्यावरचं काम थांबलं, आम्ही हात बांधून बसलो. तिची टकटक चालूच!

डायरेक्टर टॉर्च घेऊन दारात आले. "यहाँ काम कौन कर रहा है?" ते ओरडले.

वसुधानं इअरफोन काढला.

"मैं, सर. क्यों, बाकी सब रिटायर हो गए क्या?"